ॲरेवर लूप फिरवायचा सगळ्यात वेगवान मार्ग कोणता? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूडमध्ये शनिवारी संध्याकाळी आमचा एक अभ्यासगट भरतो. हिंजवडी-खराडीत नुकतीच नोकरीला लागलेली मुलंमुली, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आणि वर्षानुवर्षं जावा लिहून पिकलेले एक-दोन काका, असा सगळा गोतावळा असतो. विषय कुठलाही काढा, चहा आला की गाडी इथेच येते: फॉर वेगवान की फॉर-इच? (ॲरे म्हणजे क्रमाने मांडलेल्या किमतींची यादी, लूप म्हणजे तिच्या प्रत्येक घटकावर तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड, आणि फॉर, फॉर-इच हे लूपचे प्रकार.) तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. उदाहरणं जास्त करून जावास्क्रिप्ट आणि पायथॉनची आहेत, कारण विचारणारे बहुतेक त्याच भाषांत काम करतात. सगळं वाचायलाच हवं असं नाही, आपला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा.

एका वाक्यात सांगा ना, सगळ्यात वेगवान लूप कोणता?

जावास्क्रिप्ट, जावा, सी, सी-शार्प यांत इंडेक्सवाला, म्हणजे घटकाच्या क्रमांकाने फिरणारा साधा फॉर. बाकीचे प्रकार फार तर त्याची बरोबरी करतात. पायथॉनमध्ये मात्र इंडेक्सवाला लूप सगळ्यात हळू पडतो. म्हणजे भाषा सांगितल्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाही. आणि भाषा सांगितली तरी, लूपच्या आत काय चाललंय हे कळल्याशिवाय त्या उत्तराचा उपयोग नाही.

फॉर-इच स्लो असतो असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

एके काळी खरं होतं. फॉर-इच जावास्क्रिप्टमध्ये अधिकृतपणे आला तो भाषेच्या मानकाच्या २००९ च्या पाचव्या आवृत्तीत. त्यात प्रत्येक घटकासाठी तुमचं फंक्शन एकदा बोलावलं जातं. शिवाय नियमाप्रमाणे त्या जागी घटक खरंच आहे का, की रिकामी खाच आहे, हेही दर फेरीत तपासावं लागतं. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या तेव्हाच्या इंजिनांना हा खर्च टाळता येत नव्हता, आणि ‘फॉर-इच वापरू नका’ हा सल्ला त्या काळातला आहे.

२०१७ मध्ये क्रोमच्या व्ही-एट इंजिनात टर्बोफॅन हा ऑप्टिमायझिंग कंपायलर, म्हणजे कोडचा वेगवान मशीन कोड बनवणारा भाग, पूर्णपणे रुळला. त्यानंतरच्या आवृत्त्यांत फॉर-इच आणि मॅपसारख्या फंक्शनांना दिलेला कॉलबॅक, म्हणजे तुम्ही दिलेलं ते फंक्शन, जागच्या जागी उलगडून टाकायची सोय झाली. मग मशीन कोडमध्ये जे उरतं ते बरंचसं साध्या फॉरसारखंच दिसतं. अट एवढीच, की तो कोड पुरेसा ‘गरम’ हवा, म्हणजे वारंवार चालणारा हवा, आणि त्या जागी दर वेळी तेच फंक्शन यायला हवं. टीमने स्वतःचं ‘सगळ्यांवर फिरव’ असं एक मदतनीस फंक्शन लिहिलंय आणि शंभर ठिकाणांहून त्याला शंभर वेगळे कॉलबॅक दिले जाताहेत, तर इंजिनाला नेमकं कोणतं उलगडायचं ते कळत नाही. तिथे फंक्शन-कॉलचा खर्च खरोखर पडतो.

माझ्या मते फॉर-इच निवडताना किंवा टाळताना वेगाआधी त्याचं वागणं बघावं. त्यातून मध्येच बाहेर पडता येत नाही, ब्रेक चालत नाही. रिटर्न लिहिलं तर फक्त तेवढी फेरी संपते. आणि असिंक, म्हणजे ज्याचं काम नंतर पूर्ण होतं असा कॉलबॅक दिला तर फॉर-इच त्याच्यासाठी थांबत नाही. सोसायटीच्या सभासदांना देखभाल शुल्काच्या पावत्या ईमेल करणारा कोड डोळ्यांसमोर आणा. फॉर-इचमध्ये अवेट (‘हे होईपर्यंत थांब’) लावून पावती पाठवली आणि लूपच्या खाली ‘सर्व पावत्या पाठवल्या’ असा संदेश छापला, तर आधी तो संदेश येतो आणि पावत्या पाठवून होतात त्या नंतर. मध्ये एखादी अडली तर त्या खालच्या ओळीला पत्ताही लागत नाही. तोच कोड फॉर-ऑफमध्ये लिहिला की एक पावती गेल्यावर दुसरी जाते. हा फरक मोजायला स्टॉपवॉच लागत नाही.

फॉर-ऑफ कसा आहे मग?

छान आहे, मी स्वतः तोच वापरतो. कागदोपत्री तो महाग दिसतो: दर फेरीत इटरेटरचं, म्हणजे पुढचा घटक देणाऱ्या ऑब्जेक्टचं, नेक्स्ट बोलवायचं, त्याने किंमत आणि ‘संपलं का’ हे दोन्ही असलेला ऑब्जेक्ट परत द्यायचा. पण साध्या ॲरेसाठी इंजिन तो ऑब्जेक्ट बनवायचंच टाळतं.

इंटरनेटवर फॉर-ऑफ कैक पटींनी हळू असल्याचे जे जुने आकडे सापडतात, त्यांतले बरेच मुळात फॉर-ऑफचे नव्हतेच. कोड बेबेल या रूपांतर करणाऱ्या साधनातून जुन्या जावास्क्रिप्टमध्ये रूपांतरित व्हायचा, त्यात इटरेटर नीट बंद करण्यासाठी ट्राय-कॅचचं भलंमोठं वेष्टन यायचं, आणि मोजलं जायचं ते हे वेष्टन. टाइपस्क्रिप्टला (तीही जावास्क्रिप्टमध्येच रूपांतरित होणारी भाषा) जावास्क्रिप्टच्या पाचव्या आवृत्तीचं लक्ष्य दिलं, तर ॲरेवरचा फॉर-ऑफ तो सरळ इंडेक्सच्या फॉरमध्ये बदलतो. म्हणजे ओळ तीच, पण बिल्डच्या सेटिंगप्रमाणे तीन वेगळे लूप.

आणि फॉर-इन?

ॲरेसाठी नको. तो घटक देत नाही, किल्ल्या देतो, त्याही स्ट्रिंग म्हणून. ॲरेच्या प्रोटोटाइपवर, म्हणजे सगळ्या ॲरेंच्या सामायिक साच्यावर, कोणी काही चिकटवून ठेवलं असेल तर तेही फेरीत येतं. हळू आहेच, पण वेगवान असता तरी उत्तर हेच असतं.

लेंथ आधी व्हेरिएबलमध्ये काढून ठेवायची ना? कॉलेजात तसंच शिकवलं.

जावास्क्रिप्टच्या साध्या ॲरेसाठी गरज नाही. लेंथ ही ॲरेसोबत साठवलेली किंमत आहे, दर वेळी मोजली जात नाही. लूप गरम झाला की कंपायलर बहुतेक वेळा ती स्वतःच बाहेर काढून ठेवतो.

मात्र काही ठिकाणी ही सवय खरोखर कामाची आहे. ब्राउझरच्या पानावरून टॅगच्या नावाने मिळणारी यादी जिवंत असते, तुम्ही पान बदललं की तीही बदलते. तिची लांबी विचारणं महाग पडू शकतं, आणि फिरता फिरता त्याच प्रकारचे टॅग वाढवत गेलात तर लूप संपतच नाही. सीमध्ये लूपच्या अटीत स्ट्रिंगची लांबी विचारली तर ते फंक्शन शेवटच्या शून्यापर्यंत चालत जातं. लूपमध्ये तुम्ही ती स्ट्रिंग बदलत असाल तर कंपायलरलाही ते बाहेर काढता येत नाही, आणि लाखभर अक्षरांवर दर अक्षरासाठी पुन्हा लाखभर पावलं पडतात.

सी-शार्पमध्ये गंमत उलटी आहे. अटीत थेट ॲरेची लेंथ लिहिली की इंडेक्स हद्दीबाहेर जाणार नाही याची खात्री जस्ट-इन-टाइम (प्रोग्रॅम चालतानाच मशीन कोड बनवणाऱ्या) कंपायलरला पटते आणि तो दर फेरीची हद्द-तपासणी काढून टाकतो. लेंथ वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवली की, विशेषतः जुन्या आवृत्त्यांत, ही खात्री निसटायची. म्हणजे ऑप्टिमायझेशन म्हणून लिहिलेली ओळच लूप हळू करायची.

उलटा व्हाईल लूप, शेवटून शून्यापर्यंत, वेगवान असतो म्हणे.

शून्याशी तुलना करायला एक सूचना कमी लागायची, त्या दिवसांतली ही युक्ती आहे. आता तिने काही हाती लागत नाही, आणि वाचणाऱ्याला मात्र ‘हे उलटं का?’ म्हणून दोन मिनिटं थांबावं लागतं. फिरता फिरता ॲरेतून घटक काढायचे असतील तर उलटं फिरणं योग्यच, पण ते कारण वेगळं.

मॅप, फिल्टर, रिड्यूस एकामागे एक लावले तर?

मॅप प्रत्येक घटक बदलून देतो, फिल्टर हवे तेवढेच घटक ठेवतो, रिड्यूस सगळ्यांचं मिळून एक उत्तर काढतो. प्रत्येक मॅप आणि प्रत्येक फिल्टर नवा ॲरे बनवतो. दहा लाख नोंदींवर आधी फिल्टर, मग मॅप, मग बेरीज केली, तर मधले दोन ॲरे केवळ फेकून देण्यासाठी जन्माला येतात आणि त्यांचा कचरा गार्बेज कलेक्टरला उचलावा लागतो. दोनशे नोंदी असतील तर खुशाल साखळी लावा, वाचायला सुंदर दिसते. दहा लाख असतील आणि तो कोड सतत चालणार असेल, तर एकच लूप लिहा.

खरा खड्डा रिड्यूसमध्ये असतो. हल्ली अगदी सर्रास दिसणारा प्रकार: रिड्यूसच्या प्रत्येक फेरीत आधीचा ॲरे तीन टिंबांनी पसरायचा, शेवटी एक नवा घटक जोडायचा आणि तो नवा ॲरे परत द्यायचा. दिसायला एक ओळ. पण पहिल्या फेरीत शून्य घटक कॉपी होतात, दुसरीत एक, तिसरीत दोन, असं करत दहा हजाराव्या फेरीत नऊ हजार नऊशे नव्याण्णव. बेरीज केली तर सुमारे पाच कोटी कॉपी होतात, दहा हजार घटकांची यादी करायला. पुश केलं असतं तर दहा हजार पुशमध्ये काम झालं असतं. ऑब्जेक्ट पसरून शब्दकोश बनवतानाही तेच होतं. कोड रिव्ह्यूत मी फॉर-इचवर कधी अडत नाही, इथे हमखास अडतो.

पायथॉनमध्ये कोणता लूप वापरावा?

थेट यादीवर फिरा. इंडेक्स हवाच असेल तर एन्युमरेट, ते घटकासोबत त्याचा क्रमांकही देतं. रेंज आणि लेन मिळून जो लूप सी किंवा जावा शिकून आलेली मुलं लिहितात, त्यात दर फेरीला आधी आकड्याचा ऑब्जेक्ट हातात घ्यायचा, मग त्या आकड्याने यादीत डोकवायचं, अशी दोन कामं होतात. थेट फिरलात तर यादीचा इटरेटर घटक सरळ हातात देतो. पायथॉनचा इंटरप्रिटर एकेक बाइटकोड सूचना वाचत चालतो, त्यामुळे इथे सूचना कमी म्हणजे वेळ कमी, असा सरळ हिशेब बऱ्यापैकी लागू पडतो.

याच हिशेबाने लिस्ट कॉम्प्रिहेन्शन (चौकटी कंसात एका ओळीत यादी बनवणं) अपेंडच्या लूपपेक्षा पुढे राहतं, कारण दर फेरीत अपेंड ही मेथड शोधून बोलवावी लागत नाही. ३.११ आवृत्तीपासून (२०२२) इंटरप्रिटर वारंवार चालणाऱ्या सूचना प्रत्यक्ष आलेल्या प्रकारांना साजेशा जलद सूचनांनी बदलून घेतो. ३.१२ मध्ये कॉम्प्रिहेन्शनसाठी आतल्या आत वेगळं फंक्शन बनवणंही बंद झालं. म्हणजे जुन्या आवृत्तीवर काढलेले आकडे आज दाखवू नका. आणखी एक, लूप फाइलमध्ये उघड्यावर न ठेवता फंक्शनमध्ये ठेवा. फंक्शनमधली स्थानिक नावं ठरलेल्या जागी असतात, उघड्यावरची नावं दर वेळी डिक्शनरीत शोधावी लागतात. काही न बदलता मिळणारा वेग आहे हा.

पण पायथॉनमधली खरी उडी लूपच्या प्रकारात नाही, लूप पायथॉनच्या बाहेर ढकलण्यात आहे. सम, मिन, मॅक्स ही फंक्शनं आत सीमध्ये फिरतात. नमपाय या आकडेमोडीच्या लायब्ररीच्या ॲरेत आकडे शेजारी-शेजारी, एकाच प्रकारचे, कच्चे ठेवलेले असतात, आणि दोन ॲरेंची बेरीज म्हणजे आत एकच घट्ट सी-लूप. इथे दोन-चार टक्क्यांच्या गोष्टी राहत नाहीत, फरक कित्येक पटींत जातो.

मात्र नमपायचा ॲरे घेऊन त्यावर पायथॉनचा फॉर लावणं म्हणजे दोन्ही जगांतलं वाईट ते उचलणं. कच्चा आकडा बाहेर काढताना दर वेळी त्याच्याभोवती नवा नमपाय-ऑब्जेक्ट गुंडाळावा लागतो, त्यामुळे हा लूप साध्या यादीपेक्षाही हळू चालतो. फिरायचंच असेल तर आधी त्याची यादी करून घ्या. पांडाज या तक्त्यांच्या लायब्ररीत हाच रोग आयटर-रोजच्या रूपाने येतो: प्रत्येक ओळीसाठी एक पूर्ण सिरीज ऑब्जेक्ट तयार होतो. आयटर-टपल्स त्याहून पुष्कळ बरा, आणि अख्ख्या स्तंभावर एकदम क्रिया करता आली तर त्याहून उत्तम काही नाही.

दोन मितींचा ॲरे आहे. आधी ओळी फिरवू की स्तंभ? फरक पडतो का?

पडतो, आणि या सगळ्या यादीत मला सर्वांत आवडणारा प्रश्न हा आहे. कारण इथे लूप तोच, फेऱ्या तेवढ्याच, उत्तरही तेच, फक्त आतला आणि बाहेरचा लूप अदलाबदल केला की वेळ कित्येक पट बदलू शकतो.

सह्याद्रीच्या उंचीचा नकाशा घ्या, दहा हजार ओळी आणि दहा हजार स्तंभ, प्रत्येक बिंदूची उंची चार बाइटमध्ये. एकूण चाळीस कोटी बाइट. सीमध्ये हा ॲरे ओळीमागून ओळ असा मेमरीत पसरलेला असतो. प्रोसेसर मेमरीतून एक आकडा कधीच आणत नाही. मंडईत कोथिंबिरीची एक काडी मिळत नाही, जुडीच घ्यावी लागते, तसं बहुतेक संगणकांत एका वेळी ६४ बाइटची कॅशलाइन येते, ती कॅशमध्ये, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरीत, ठेवली जाते. म्हणजे आपल्या नकाशातल्या सोळा उंची एकदम.

ओळीने चाललात तर त्या सोळाही लगेच वापरल्या जातात, आणि तुम्ही सरळ पुढे चाललाय हे ओळखून प्रोसेसर पुढच्या लाइनी आधीच मागवून ठेवतो. स्तंभाने चाललात तर प्रत्येक पावलाला चाळीस हजार बाइटची उडी पडते. एक लाइन आणली, तिच्यातली एक उंची घेतली, पुढची लाइन. स्तंभ संपून पुढच्या स्तंभाला सुरुवात करेपर्यंत दहा हजार लाइनी, म्हणजे सहा लाख चाळीस हजार बाइट, कॅशमधून गेलेले असतात. पहिल्या पातळीची कॅश साधारण ३२ ते ४८ किलोबाइटची. त्यामुळे आधी आणलेली लाइन तिथून कधीच हुसकली गेलेली असते. शिवाय दर उडीला मेमरीचं पान बदलतं, त्यामुळे पत्ता शोधायचा खर्च वेगळा, आणि प्रोसेसरचं आधी मागवून ठेवणंही पानाच्या सीमेपाशी अडतं.

आता हेच सगळं फोरट्रानमध्ये उलटं करा. तिथे ॲरे स्तंभामागून स्तंभ साठवतात, म्हणून पहिला इंडेक्स आतल्या लूपमध्ये ठेवायचा. हे जुनाट वाटलं तर पाषाणला जाऊन बघा. तिथल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये प्रत्युष हा महासंगणक सुरू झाला, आणि मान्सूनच्या अंदाजाची मॉडेलं आजही मुख्यतः फोरट्रानमध्येच लिहिलेली असतात. मॅटलॅब, आर आणि ज्युलियाही स्तंभवाले. नमपाय मुळात सीच्या बाजूचं, पण सांगितलं तर फोरट्रानची मांडणीही घेतं, त्यामुळे दुसऱ्याचा ॲरे हातात आला की त्याची मांडणी तपासून मगच लूप लावा.

ॲरे आधी सॉर्ट केला की तोच लूप वेगवान होतो, हे कसं शक्य आहे?

लूपमध्ये ‘किंमत अमुकपेक्षा मोठी असेल तर’ अशी अट असेल तेव्हा होतं. प्रोसेसर अटीचं उत्तर यायची वाट न बघता अंदाजाने पुढे पळतो. सॉर्ट केलेल्या ॲरेत आधी सगळी ‘नाही’ आणि मग सगळी ‘हो’ येतात, अंदाज बरोबर येत राहतो. विस्कळीत ॲरेत तो सतत चुकतो आणि प्रत्येक चुकीला पंधरा-वीस चक्रं वाया जातात. पण फक्त यासाठी सॉर्ट करत बसू नका, सॉर्टचाच खर्च त्याहून मोठा. आजचे कंपायलर अशी अट बऱ्याचदा फांदीशिवायच्या, म्हणजे अंदाज करायची गरजच नसलेल्या सूचनांमध्ये बदलतात, मग हा फरक नाहीसाही होतो.

जावास्क्रिप्टच्या ॲरेत रिकाम्या जागा असतील तर?

व्ही-एट प्रत्येक ॲरेचा प्रकार मनात धरून असतं: सगळे छोटे पूर्णांक, सगळे दशांश, की वाट्टेल ते, आणि भरलेला की खाचा असलेला. आकार देऊन नवा ॲरे बनवलात तर तो खाचांचा म्हणून नोंदला जातो, पुढे सगळ्या जागा भरल्या तरी ती नोंद पुसली जात नाही. पूर्णांकांत एक स्ट्रिंग घुसली की तो ॲरे कायमचा ‘वाट्टेल ते’ गटात. फरक सहसा लहानच असतो. पण बेंचमार्क करताना एक ॲरे पुश करून आणि दुसरा आकार देऊन बनवला असेल, तर तुम्ही लूपची तुलना करत नाही आहात, ॲरेची करता आहात.

आमच्याकडे जावा आहे. स्ट्रीम की फॉर?

हा काकांचा प्रश्न, २०१४ ला जावा ८ आल्यापासून तो विचारला जातोय. साध्या ॲरेवरचा सुधारित फॉर कंपाइल होऊन इंडेक्सचाच लूप बनतो, तिथे वाद नाही. स्ट्रीम म्हणजे मॅप-फिल्टरसारख्या साखळीने यादीवर फिरायची जावाची सोय. छोट्या यादीवर तिचा उभारणीखर्च जाणवतो, मोठ्या कामात तो विरघळतो.

जावात मी आधी बघतो ती यादी कशाची आहे. साध्या इंटच्या ॲरेत दहा लाख आकडे चाळीस लाख बाइटमध्ये बसतात. तेच इंटिजर ऑब्जेक्टच्या ॲरेलिस्टमध्ये प्रत्येकी साधारण सोळा बाइटचा ऑब्जेक्ट अधिक चार बाइटचा संदर्भ, म्हणजे सुमारे दोन कोटी बाइट, तेही मेमरीत विखुरलेले असू शकतात. आणि लिंक्डलिस्टवर, म्हणजे एकमेकांना साखळीने जोडलेल्या घटकांच्या यादीवर, इंडेक्सने फिरू नका. गेट दर वेळी जवळच्या टोकापासून चालत जातं, त्यामुळे एक लाख घटकांवर सरासरी पंचवीस हजार पावलं प्रत्येकी, एकूण अडीचशे कोटी. तिथे सुधारित फॉरच हवा.

मी दोन लूप मोजले. दुसऱ्याला शून्य मिलिसेकंद लागले. हे बरोबर आहे का?

बहुतेक तुमचा लूप चाललाच नाही. लूपमध्ये काढलेली बेरीज पुढे कुठेच वापरली नसेल, तर हुशार कंपायलर तो लूपच उडवून टाकतो. बेरीज शेवटी छापा किंवा परत द्या. जावात यासाठी जेएमएच हे साधन आहे, त्यातल्या ‘ब्लॅकहोल’मध्ये उत्तर टाकलं की कंपायलरला ते फुकट गेलं असं म्हणता येत नाही.

दुसरी शक्यता घड्याळाची. जानेवारी २०१८ मध्ये स्पेक्टर आणि मेल्टडाउन हे प्रोसेसरमधले सुरक्षेचे दोष जाहीर झाल्यावर ब्राउझरांनी आपली सूक्ष्म घड्याळं मुद्दाम बोथट केली. त्यामुळे काही मायक्रोसेकंदांचं काम ब्राउझरमध्ये एकदा मोजून काही कळत नाही. तेच काम हजारो वेळा करा आणि एकूण वेळ घ्या.

तिसरी गोष्ट क्रमाची. एकाच फंक्शनमधून आधी फॉर, मग फॉर-इच मोजलं की पहिल्याला इंजिन गरम होण्याचा सगळा खर्च सोसावा लागतो. क्रम उलटा करून बघा. निकालही उलटला तर तुम्ही क्रमच मोजत होतात. शक्य असेल तर प्रत्येक प्रकार वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा, आणि सुरुवातीच्या फेऱ्या मोजणीत धरू नका.

लॅपटॉप चार्जरला लावलेला हवा. गुरुवारी देखभालीसाठी लाइट गेली की मशीन बॅटरीवर जातं आणि प्रोसेसर आपला वेग उतरवतो. एप्रिलच्या दुपारी तर तो चार्जरवरही तापून उतरवतो. अशा वेळी सकाळचे आणि दुपारचे आकडे शेजारी ठेवू नयेत.

पायथॉनमध्ये वेळ मोजायला टाइमइट वापरा. तो मोजताना गार्बेज कलेक्टर बंद ठेवतो हे लक्षात असू द्या, कारण तुमच्या खऱ्या प्रोग्रॅममध्ये तो चालूच असतो. आलेल्या अनेक आकड्यांतला सगळ्यात लहान पाहा. मोठे आकडे बहुतेक इतर प्रोग्रॅमांनी मध्येच वेळ खाल्ल्यामुळे येतात.

बेंचमार्कच्या साइटवर ‘साठ टक्के हळू’ असं लाल अक्षरात येतं, त्याचं काय?

टक्के बाजूला ठेवा, एका फेरीला किती वेळ ते विचारा. समजा फरक फेरीमागे दोन नॅनोसेकंदांचा आहे. तुमच्या पानावर हजार नोंदी आहेत. एकूण फरक दोन मायक्रोसेकंद. सेकंदाला साठ चित्रं दाखवणाऱ्या पडद्यावर एका चित्राला साडेसोळा मिलिसेकंदांहून थोडे जास्त मिळतात. त्याचा हा आठ हजारावा भाग झाला.

मग आमचा लूप खरंच हळू आहे, त्याचं कारण कुठे शोधू?

त्याच्या आत. दोन प्रकार इतक्यांदा भेटतात की आधी तेच बघा.

पहिला, लूपमध्ये डेटाबेसला किंवा दुसऱ्या सर्व्हरला विचारणं. तुमचा प्रोग्रॅम पुण्यात आणि डेटाबेस मुंबईत आहे असं धरा. अंतर साधारण दीडशे किलोमीटर, फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला सुमारे दोनशे किलोमीटर जातो. नुसतं जाऊन यायलाच किमान दीड मिलिसेकंद, मधल्या उपकरणांचा वेळ वेगळा. तेवढ्यात तीन गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची पंचेचाळीस लाख चक्रं होतात. पाचशे ग्राहकांच्या यादीवर लूप लावून प्रत्येकाची शेवटची ऑर्डर वेगळी विचारली, तर पाऊण सेकंद फक्त एक्सप्रेसवेच्या बाजूने ये-जा करण्यात जातो. पाचशे आयडी एका क्वेरीत पाठवा. फॉर की फॉर-इच, हा विचार तोवर करूच नका.

दुसरा, लूपमध्ये लपलेला लूप. बँकेतून आलेल्या पन्नास हजार व्यवहारांतला प्रत्येक पावती क्रमांक आपल्या पन्नास हजारांच्या यादीत आहे का, हे इन्क्लूड्सने तपासणं. इन्क्लूड्स पहिल्या घटकापासून चालत जातं. क्रमांक सापडले तरी सरासरी अर्धी यादी, म्हणजे सव्वाशे कोटी तुलना, आणि सापडले नाहीत तर अडीचशे कोटी. यादीचा आधी सेट (घटक आहे का ते शोधत न फिरता सांगणारी रचना) केला की पन्नास हजार वेळा टाकणं आणि पन्नास हजार वेळा विचारणं, बस. पायथॉनमध्ये ‘इन’ हा शब्द यादीवर आणि सेटवर दिसायला अगदी सारखा दिसतो, त्यामुळे तिथे हे चटकन लक्षात येत नाही. ॲरेच्या पुढच्या टोकाकडून एकेक घटक काढत जाणं हाही याच जातीचा प्रकार, कारण मागचे सगळे एक-एक जागा सरकवावे लागू शकतात.

सगळ्या कोअरवर वाटून दिलं तर?

काम जड असेल तर जरूर. पण दहा लाख आकड्यांची बेरीज इतकी हलकी आहे, की वेगळ्या प्रोसेसला किंवा वर्करला ते आकडे नेऊन देण्यातच जास्त वेळ जाईल. १९९१ मध्ये इथे पुण्यातच सी-डॅक या सरकारी संस्थेने ट्रान्सप्युटर प्रोसेसर एकमेकांना जोडून परम ८००० हा महासंगणक उभा केला, तेव्हाही काम वाटण्याइतकाच निरोपांच्या ये-जा करण्याचा हिशेब करावा लागायचा.

कोअर वाटण्याआधी एका कोअरमधलं बघा. सी आणि सी-प्लस-प्लसचे कंपायलर पूर्णांकांची बेरीज एका सूचनेत आठ-आठ आकडे घेऊन करू शकतात. दशांश आकड्यांच्या बेरजेत ते आपणहून असं करत नाहीत, कारण क्रम बदलला की शेवटचे अंक बदलू शकतात. तशी परवानगी वेगळा फ्लॅग देऊन द्यावी लागते, आणि हिशेबाच्या कोडमध्ये ती देण्याआधी अकाउंट्सवाल्यांना विचारा.

सीनियर म्हणतात सगळे फॉर-इच काढून फॉर लाव. काय करू?

प्रोफाइल काढा, म्हणजे कुठल्या फंक्शनात किती वेळ जातो त्याचा तक्ता. ब्राउझरमध्ये डेव्हलपर टूल्सचा परफॉर्मन्स टॅब, पायथॉनमध्ये सी-प्रोफाइल, आणि डेटा खऱ्या आकाराचा, वीस ओळींचा नमुना नको. त्या तक्त्यात तो लूप वरच्या पाच-सहा नावांत असेल तर बदला, बदलल्यावर पुन्हा मोजा, आणि दोन्ही आकडे रिव्ह्यूत चिकटवा. नसेल तर तोच तक्ता सीनियरना दाखवा, आणि वर जे नाव आलंय त्याचं तिकीट तुमच्या नावावर मागून घ्या.